मार्ग पाहिल्याची सही

नेशो, २ मार्च २०२३

चि. विल्गोट यास सिक्स्टेन आजोबाचे आशीर्वाद, आणि लवकर उठण्याची ताकीद.

तुझं कार्ड पोचलं. पत्त्यावर माझं नाव 'माननीय वाफेचं इंजिन' असं टाकलंस, ते वाचून पोस्टमनबाई दारातच हसत उभी राहिली. मी वाफेवर कधी चाललो नाही, सगळी नोकरी विजेच्या इंजिनावर गेली, हे नातवाला तेवीस वर्षांत कळलं नाही, असं मी तिला सांगितलं. तिला तुझी कीव आली.

आता कामाचं. तुझ्या इल्वाताईच्या पोरीला बघायला मला व्हिएन्नाला जायचंय. एक्याऐंशीव्या वर्षी पणती झाली, ती काय फोटोत बघायची? तुझी गुनवोर आत्या म्हणते, बाबा, विमानानं जा, दोन तासांत पोचाल. मी म्हटलं, मला खालची जमीन दिसल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शिवाय नाताळात तुम्ही दोघा भावंडांनी माझ्याच जेवणाच्या टेबलापाशी शपथ घेतलीत की आजपासून विमान बंद. पोरांनी धुराची लाज बाळगायची आणि म्हाताऱ्यानं उडत जायचं, हे बरं दिसतं का?

पण गुडघे आता माझे राहिले नाहीत, डॉक्टरचे झालेत. जिने नकोत. म्हणून आधी तू जाऊन ये. आमच्या इंजिनड्रायव्हरांत नियमच होता. नव्या मार्गावर कुणी एकदम गाडी घेऊन जायचं नाही. आधी दुसऱ्याच्या शेजारी बसून सगळा मार्ग बघायचा, वळणं, उतार, सिग्नल, आणि मग कागदावर सही करायची की हा मार्ग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. खोटी सही करणारा मला चाळीस वर्षांत भेटला नाही. त्या सहीवर माणसांचे जीव असतात.

तिकिटं सोबत आहेत. ११ तारखेला सकाळी स्टॉकहोमहून ६.२१ ची गाडी, कोपनहेगनला बदल, रात्री हांबुर्गला मुक्काम, दुसऱ्या दिवशी व्हिएन्ना. कुठं किती पायऱ्या, कुठं लिफ्ट, सगळं लिहून पाठव. तोंडी नको, मला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी विसरतो. तुझी गाडी साडेआठला नेशोत दोन मिनिटं थांबेल. फलाटापर्यंत येणं मला जमायचं नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून लाल टॉवेल हलवीन. उजव्या हाताला बस.

पत्राची वाट बघतो. माया आहेच, ती तिकिटासारखी दर वेळी दाखवावी लागू नये.

तुझा आजोबा

*

व्हिएन्ना, १३ मार्च

ती. आजोबांस विल्गोटचा नमस्कार. वाकूनच केलाय, बुटाची नाडीही सुटली होती.

पोचलो! अंग आंबलंय, पण मार्ग झक्कास. तुमचा टॉवेल दिसला. शेजारी एक बाई स्वेटर विणत होत्या, त्यांना म्हटलं, ते बघा, ते माझे आजोबा. त्या म्हणाल्या, हात छान हलतो हो त्यांचा. तुमची अजून विचारणा होते बरं का.

आता रिपोर्ट. कोपनहेगनला लिफ्ट आहे, पिवळी, दोन सायकली मावतील एवढी. घाई करायची नाही, वेळ भरपूर मिळतो. हांबुर्ग तर तुमच्यासाठीच बांधलंय. ज्या फलाटावर उतराल त्याच फलाटावर, समोरच्या बाजूला, सकाळी व्हिएन्नाची गाडी लागते. एक पायरीसुद्धा नाही! जाऊन नुसतं बाकावर बसायचं, गाडी आपल्या पायाशी येते. व्हिएन्नाला ताई न्यायला येईलच.

ताईची छोकरी हेड्डा तुमच्यावर गेलीय. टक्कल, भुवया, आणि वेळापत्रक चुकलं की आरडाओरडा. ताईनं सूप केलं, भावोजींनी माझी पाठ चोळून दिली. दोन दिवस गाडीत बसून आलोय ना, लाड होणारच.

गुनवोर आत्याला विचारा, ती बाटली आहे का अजून? नाताळात तिच्या ताटाशेजारी मी काजळी भरून ठेवली होती ती, 'कॅनरी बेटांच्या विमानातला तुझा वाटा' अशी चिठ्ठी लावून. काय तोंड झालं होतं तिचं! संपली असेल तर म्हणावं आणखी भरून देतो.

लोभ आहे तो वाढवा, निदान घटवू नका.

तुमचा विल्गोट

*

नेशो, २१ मार्च

चि. विल्गोट यास आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. गुनवोरलाही वाचून दाखवलं, बाटलीचा भाग सोडून. त्या दिवशी ती जेवण अर्धं टाकून उठली होती, तुझ्या लक्षात आलं नसेल.

मी १५ मेचं तिकीट काढलंय. एकटाच जाणार. तुझ्या सायकलच्या दुकानात वसंतात गर्दी असते, तुला सुट्टी मिळायची नाही, आणि आता सोबत लागतेच कशाला? मार्ग तर तू पाहिलास. हांबुर्गचं वाचून फार बरं वाटलं. मला तिथल्याच जिन्यांची धास्ती होती.

सोबत कागद पाठवतोय. आमच्या जुन्या फॉर्मसारखा हातानं आखलाय. खाली सही करून धाड. हसशील, पण मला ती लागते. ती खिशात असली की मी बिनघोर.

आजोबा

*

स्टॉकहोम, ९ एप्रिल

आजोबा,

या वेळी वरचं नमस्कार वगैरे काही सुचत नाही.

मी त्या गाडीत नव्हतो. आदल्या दिवशी बँडीची, म्हणजे बर्फावरच्या हॉकीसारख्या खेळाची, मॅच होती, आपली टीम जिंकली, मग सगळ्यांनी मिळून जो धिंगाणा घातला तो घातला. सकाळी डोळा उघडला तेव्हा पावणेनऊ झाले होते. म्हणजे तुम्ही खिडकीत टॉवेल हलवत होतात तेव्हा मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो. तुम्ही हलवला, गाडी गेली, आणि तुम्ही समाधानानं कॉफी घेतली असणार. हे एवढंच डोळ्यांपुढं येतं आणि मला बसवत नाही.

तेव्हाच फोन केला असता तर तुम्ही दोन शिव्या घालून हसला असतात. पण मला उठताच आलं नाही, हे सांगायची लाज वाटली. एवढीशी लाज, आजोबा, नखाएवढी. ती झाकायला दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान पकडलं, म्हणजे ताईच्या दारात ठरल्या वेळेला उभा राहीन. विमानात कोटाची कॉलर वर करून बसलो, कुणी ओळखीचं दिसलं तर? सामानाला चिकटवलेली पट्टी विमानतळाच्या संडासात फाडून टाकली. ताईकडं पाठ धरून कण्हलो. परतीचं रेल्वेचं तिकीट खिशात होतं, त्यावर तरी मार्ग बघता आला असता. पण दोन तासांत घरी पोचायची चटक लागली होती. परतसुद्धा विमानानंच आलो.

पिवळी लिफ्ट मी मनानं रंगवली. हांबुर्गचं तर नुसतं तुम्हाला खूश करायला लिहिलं. जिने नकोत म्हणालात, म्हणून जिने काढून टाकले.

तुमचा कागद टेबलावर दोन आठवडे पडलाय. सायकलची किल्ली शोधताना रोज हाताखाली येतो.

(हे पत्र टाकलं नाही. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि सायकल वळवली.)

*

स्टॉकहोम, ११ एप्रिल

ती. आजोबांस विल्गोटचा घाईतला नमस्कार.

कागद सोबत आहे. सही केलीय. अक्षर वाकडं आलंय, हाताला ग्रीस होतं. जाताना जपून जा, आणि कुठं शंका आली तर कुणालातरी विचारा, लोक चांगले असतात.

आठवण ठेवा.

विल्गोट

*

व्हिएन्ना, २० मे

प्रिय विल्गोट,

तुझ्या ताईचा आणि हेड्डाचा पापा. हेड्डाचा जरा ओला आहे.

तुला फोनवर नीट सांगता आलं नसतं, आजोबा त्याच खोलीत असतात. ते एक दिवस उशिरा पोचले. हांबुर्गपर्यंत सगळं ठीक. कोपनहेगनला म्हणे लिफ्ट सापडली, पिवळी नव्हती एवढंच. हांबुर्गला सकाळी आठला हॉटेलातून निघाले, आदल्या दिवशी उतरले होते त्याच फलाटावर जाऊन बाकावर बसले. साडेबारापर्यंत बसून होते. व्हिएन्नाची गाडी दुसऱ्याच फलाटावरून, जिना चढून पुलावरून पलीकडं जावं लागतं तिथून, कधीच निघून गेली होती. फलाट झाडणाऱ्या एका बाईनं त्यांना तीन वेळा तिथंच बघितलं, मग तिनं तिकीट मागून घेतलं, हाताला धरून नेलं आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं. ती दुसऱ्या दिवशी इथं आली.

मी विचारलं, आजोबा, बोर्ड नाही का बघितला? तर म्हणाले, बघितला, पण मला वाचता येईना असं झालं बहुतेक. विल्गोटनं सही करून दिलंय की गाडी इथंच लागते. म्हणजे फलाट मीच चुकलो, किंवा बाक चुकलो, किंवा तारीख. डोकं गेलं माझं, इल्वा.

तेव्हापासून ते तेच धरून बसलेत. हेड्डाला घेत नाहीत. आपल्या हातून पडेल म्हणतात. वेळापत्रकाचं पुस्तक बॅगेतून बाहेर काढलेलं नाही. परवा स्वतःच गुनवोर आत्याला फोन करून म्हणाले, स्मरणशक्तीच्या तपासणीची तारीख घे, आणि वृद्धांच्या इमारतीत जागा बघ, घर विकून टाकू. आत्यानं जागा बघितली. १२ जूनला सही करायची आहे.

आणि आणखी एक. परत जाताना ते विमानानं जायचं म्हणताहेत. आपले आजोबा! मला म्हणाले, मला त्या खुर्चीला बांध आणि पार्सलासारखं पाठवून दे, त्यात मध्ये कुठं उतरून चुकायची सोय नसते. ३ जूनचं तिकीट काढलं. मी तिकीट काढत असताना ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

मला वाटतं तू एकदा फोन कर. तुझ्या थट्टेनं ते जरा हसतील.

तुझी ताई, इल्वा

*

स्टॉकहोम, २४ मे

ती. आजोबांस,

नमस्कार लिहायचा हक्क मला आहे की नाही ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

काल फोन केला होता. तुम्ही हॅलो म्हणालात, मी विचारलं व्हिएन्नाला पाऊस आहे का. नाही म्हणालात. मी ठेवला. मला फोनवर नुसते विनोद येतात. म्हणून हे जलद टपालानं.

तुमचं डोकं शाबूत आहे. डोळेही. तुम्ही फलाट चुकला नाहीत, बाक चुकला नाहीत, तारीख चुकली नाही. माझी सही खोटी आहे. मी हांबुर्गचं स्टेशन आजपर्यंत पाहिलेलं नाही. कोपनहेगनचंही नाही. मी झोपून राहिलो, गाडी चुकवली, आणि दुसऱ्या दिवशी विमानानं गेलो. परतही विमानानंच आलो. मार्गाचं सगळं पत्र ताईच्या सोफ्यावर पडून, तिनं दिलेलं सूप पीत पीत रचलं.

एप्रिलमध्ये हेच सगळं लिहिलं होतं. ते पाकीट टाकलं नाही आणि दोन दिवसांनी सहीचा कागद टाकला. कुठं शंका आली तर कुणालातरी विचारा, असं मी लिहिलं होतं, आठवतंय? ती माझी हिंमत. तेवढीच होती.

आणि टॉवेल. तो मला दिसला नाही. विणकाम करणारी बाई नव्हतीच. तुम्ही त्या बाईबद्दल गुनवोर आत्यालाही सांगितलं असणार, आणि हात हलवून दाखवला असणार. बाकी सगळं मी घाबरून लिहिलं, आजोबा, पण टॉवेलचं मी मजेत लिहिलं. लिहिताना मला हसू आलं होतं.

मी आजवर खूप जणांच्या खोड्या काढल्या. मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला, दुकानाच्या मालकाची सायकल झाडावर टांगली. दर वेळी शेवटी सगळे हसायचे, म्हणून मला वाटायचं आपण कुणाचं काही नेत नाही. या वेळी मी तुमचं डोकं नेलं, आणि तुम्ही ते हरवलं म्हणून स्वतःलाच बोल लावत बसलात. साडेचार तास बसलात. समोर बोर्ड खरं सांगत होता, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा मला खरं मानलंत.

तपासणी नको, घर विकू नका. विमानानं जायचं तर जा, गुडघ्यांसाठी जा, आणखी कशाहीसाठी जा, पण माझ्या खोटेपणामुळं जाऊ नका. आत्याला मी स्वतः लिहितो. ताईला हे पत्र दाखवा. तिनं काय म्हणावं ते मी इथूनच ऐकतो.

जे उरलं असेल ते ठेवा.

विल्गोट

*

स्टॉकहोम, २४ मे

गुनवोर आत्यास नमस्कार.

आत्या, पत्र उघडून लगेच फेकू नकोस, निम्म्यापर्यंत तरी ये.

आजोबांना काही झालेलं नाही. त्यांना मी चुकीचा मार्ग लिहून दिला. न बघता. बघितला नाही, कारण मी विमानानं गेलो. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. हो, मीच तो. नाताळात टेबलावर उभा राहून शपथेचं भाषण ठोकणारा, तुझ्या ताटाशेजारी बाटली ठेवणारा, तुझ्या गाडीच्या काचेवर कागदी विमानं चिकटवणारा. तुझ्या शेजाऱ्यांनाही मी सांगितलं होतं, आमची आत्या आकाशातच राहते, खाली फक्त धुणं वाळत घालायला येते. ते हसले. तू आतून ऐकत होतीस का, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही.

ते घराचं थांबव. तपासणीचंही. तुला फोन करायला नको वाटलं, कारण तुझ्यासमोर गप्प बसायची मला सवय नाही, काहीतरी फाजील बोलून गेलो असतो.

मला क्षमा कर असं लिहिणार होतो, पण ते फार लवकर होईल. आधी घराचं थांबव.

तुझा भाचा, विल्गोट

*

नेशो, २७ मे

विल्गोट,

पत्र मिळालं. निम्म्यापर्यंत आले, मग शेवटपर्यंत आले, मग घराच्या दलालाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, त्याला तुझा नंबर दिलाय.

दवाखान्यातली वेळही सोडली. तिथली बाई विचारत होती, दुसऱ्या कुणाला द्यायची आहे का. तुझं नाव जिभेवर आलं होतं.

आता एक ऐक, कारण तू कधी विचारलं नाहीस. माझ्या पाठीच्या मणक्यात ऑपरेशननं घातलेले दोन खिळे आहेत. तासाभराच्या वर सलग बसले की पाय बधिर होतात. कॅनरीला मी वर्षातून एकदा जाते ती तिथल्या कोमट पाण्यात चालायला, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. तीन दिवस गाडीत आणि बोटीत बसून जाणं मला झेपत नाही. झेपलं असतं तर तसंच गेले असते, मीही त्याच इंजिनड्रायव्हरची पोर आहे. विमानात बसताना मला दर वेळी लाज वाटते. तू ती लाज बाटलीत भरून सगळ्यांसमोर ठेवलीस, आणि मी उठून गेले, कारण खिळ्यांचं सांगितलं असतं तर बाबा रडले असते.

तुझी लाज मी कुणासमोर काढणार नाही. ती कशी असते ते मला माहीत आहे. पण लगेच हसून माझ्याशी बोलायला येऊ नकोस. थोडे दिवस गप्प बस. जमेल तेवढे.

जेवत जा नीट.

आत्या

*

व्हिएन्ना, २९ मे

चि. विल्गोट यास आशीर्वाद. ते एकदा दिले की काढून घेता येत नाहीत, नाहीतर या खेपेला काढून घेतले असते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि इल्वाला दिलं. ती जे बोलली ते मी लिहीत नाही, हे पत्र वाटेत कुणी उघडलं तर आपल्या घराण्याचं नाव जाईल.

मला आधी आनंद झाला. राग त्याच्या मागच्या गाडीनं आला, पण आला, आणि डबे मोजायला बसलो तर संपत नाहीत. आनंद कशाचा ते सांगतो. हांबुर्गला बोर्डावर मी वाचलं होतं, व्हिएन्ना, फलाट चौदा. नीट वाचलं होतं! चष्मा पुसला, परत चौदा. परत पुसला, परत चौदाच. आणि दर वेळी मी स्वतःला म्हणालो, सिक्स्टेन, संपलास तू, पोरानं सही केलीय. गाडी निघाल्याची शिटीसुद्धा ऐकली. म्हणालो, ती दुसरीच कुठली तरी असेल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर माझीच गाडी सुटली आणि मी बसून होतो.

तू विमानानं गेलास याचा मला राग नाही. गुनवोरनं परवा फोनवर मला पाठीचं सांगितलं. मी रडलो, तिला भीती होती तसाच. कुणी कशानं जावं, हे मी आता त्याचं त्यालाच विचारीन. उठता आलं नाही याचाही राग नाही, मी स्वतः एकदा मालगाडीला अकरा मिनिटं उशीर केलाय, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. राग आहे तो सहीचा. आणि दुसऱ्या एका गोष्टीचा, ती तुला ठाऊक आहे, ती मी कागदावर लिहिणार नाही.

तीन तारखेचं विमान रद्द केलं. पत्र खाली ठेवलं तेव्हा हेड्डा रडत होती, इल्वा आंघोळीला गेली होती. मी तिला उचललं आणि खिडकीपाशी नेऊन खालची ट्राम दाखवली. तिला आवडली. एक तास उभे होतो दोघं.

आता तू इकडं ये. मला न्यायला नव्हे, मला कुणी न्यायची गरज नाही हे आता सिद्ध झालंय. आपण दोघं मिळून परत जायचं. आणि येताना विमानानं येऊ नकोस. विमानानं आलास तर दोन तासांत पोचशील, दारात माफी मागशील, काहीतरी विनोद करशील, इल्वा हसेल आणि तू सुटशील. गाडीनं ये. नंतर परतताना दोन दिवस माझ्या शेजारी बस. गाडीत माणसाला तोंड लपवायला जागा नसते, समोरच्या काचेतही स्वतःचंच दिसतं. हांबुर्गला फलाट तू शोधायचास. मी मागं उभा राहून बघीन.

माया आहे. सध्या रागाच्या डब्यात बसलीय, पण गाडी एकच आहे.

आजोबा

*

स्टॉकहोम, ३ जून

ती. आजोबांस विल्गोटचा नमस्कार.

तिकीट काढलं, उद्याचं. मालकानं सुट्टी दिली नाही, म्हणून त्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, मग जा, पण ती झाडावरची सायकल तूच टांगली होतीस ना. मी हो म्हणालो. आजकाल माझ्या तोंडून खरं भलत्याच ठिकाणी निघतं.

घरमालकीणबाईंना सकाळी पाचला दार बडवायला सांगितलंय, आणि मी ओ दिली तरी थांबू नका, डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका, असंही सांगितलंय.

परतताना तुमच्या शेजारी बसल्यावर पहिल्या तासाला काय बोलायचं ते मी ठरवलंय. लिहूनही काढलंय. नंतरच्या दोन दिवसांचं काही सुचत नाही.

येतो.

विल्गोट